पाटावर बसलेली बॅटरी

आमच्याकडे सिंगापुरात गाडी नाही. इथे गाडी घ्यायची तर आधी ती घेण्याच्या परवानगीचा कागद विकत घ्यावा लागतो, आणि त्या कागदाच्या भावात कोणीही शहाणा माणूस पुण्यात फ्लॅट बघायला लागेल. त्यामुळे आम्ही एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने फिरतो, बसने फिरतो, सामान फार झालं तर टॅक्सी करतो. पण आमच्याकडे अर्धा ट्रेलर आहे. तो कॅनडात, कॅलगरीला, माझ्या मोठ्या दिरांच्या घराशेजारी उभा असतो आणि वर्षातला निम्मा काळ बर्फाखाली असतो. आम्ही तो अजून प्रत्यक्ष पाहिलेला नाही.

ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं छोटं घर. त्यात झोपायला फळ्या आहेत, एक शेगडी आहे, आणि एक संडास आहे. त्यात वळायला जागा नाही, म्हणून तोंड कुठे करायचं ते बाहेरच ठरवून आत जावं लागतं. दिरांनी तो कुणाकडून तरी जुना घेतला आणि घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. माझ्या नवऱ्याने ऑफिसच्या बसमधून तिथल्या तिथे लिहिलं, "अर्धा माझा." मला वाटलं, गंमत करतोय. संध्याकाळी घरी येऊन चपला काढायच्या आधी त्याने निम्मे पैसे पाठवलेसुद्धा. अर्ध्या हळकुंडाने पिवळं झालेले लोक मी खूप बघितले होते, अर्ध्या ट्रेलरने झालेला माणूस पहिल्यांदाच बघत होते.

"बाबा, विच हाफ इज आवर्स?" आमच्या लेकीने विचारलं. ती थट्टा करत होती. त्याने मात्र गंभीरपणे विचार करून सांगितलं की पुढचा, कारण बॅटरी पुढे असते.

हे ऐकून मला आश्चर्य वाटलं नाही. नवरा जुरोंग आयलंडवर एका केमिकल प्लँटमध्ये इलेक्ट्रिकल इंजिनियर आहे. तिथे वीज गेली तरी काही यंत्रं बंद पडून चालत नाहीत, म्हणून खोल्याच्या खोल्या भरून बॅटऱ्या मांडून ठेवलेल्या असतात, आणि त्यांची निगा हे त्याचं काम. बॅटऱ्यांबद्दल तो इतक्या मायेने बोलतो की लग्नानंतर पहिल्या वर्षी मला थोडा मत्सर वाटायचा. मोठे दीर, ज्यांना आम्ही दोघंही दादा म्हणतो, ते अकाउंटंट. त्यांचा विजेशी संबंध बिल भरण्यापुरता.

आता दोघा भावांबद्दल सांगायला हवं, नाहीतर बाकीचं सगळं वेड्यांचा बाजार वाटेल. माझ्या सासूबाई वर्षातला अर्धा काळ आमच्याकडे असायच्या आणि अर्धा कॅलगरीला. जिथे असतील तिथून रविवारी सकाळी दुसऱ्या मुलाला व्हिडिओ कॉल लावायच्या. रविवार सकाळ आमची, त्यांची शनिवार संध्याकाळ. दोघा भावांना त्या समोरासमोर बसवायच्या आणि मध्ये स्वतः बोलायच्या. "विचार त्याला, गुडघा कसा आहे." "सांग त्याला, पोरीला बक्षीस मिळालं." भाऊ नुसते माना डोलवायचे. मग सासूबाई गेल्या. पुढचे काही रविवार कॉल झाला, पण दोघं पडद्यावर एकमेकांसमोर मुकाट बसून राहायचे. तब्येत विचारून झाली, हवा विचारून झाली की दोघंही आपापला चेहरा निरखायचे. हळूहळू कॉल दिवाळीवर आणि वाढदिवसावर आला. रविवारी सकाळी नवरा हातात फोन घेऊन घरभर फिरायचा, फ्रिज उघडायचा, बंद करायचा. त्याला आईची आठवण यायची आणि दादाचीही यायची. दादाला फोन करता आला असता, पण करून बोलायचं काय, हे त्याला कळत नव्हतं. मला हे बघवत नसे आणि त्याचा रागही यायचा.

अशात ट्रेलरच्या पहिल्या हिवाळ्यात दादांनी बॅटरी बाहेर, ट्रेलरवरच राहू दिली. ती उतरत गेली, आतलं पाणी गोठलं आणि एक दिवस ती बाजूने उभी चिरली. दादांनी ग्रुपवर फोटो टाकून खाली लिहिलं, "हे काय झालं?"

नवऱ्याने रविवारची वाट पाहिली नाही, कारण तो रविवारच होता. त्याने सरळ कॉल लावला. "अरे दादा, भरलेली बॅटरी गोठत नाही, उतरलेली गोठते! एवढं कळत नाही तुला?" मी स्वयंपाकघरात डाव हातात धरून उभी राहिले. आमच्या अख्ख्या संसारात मी त्याला दादांपुढे आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. लहानपणी पाढे चुकले की याच दादांनी त्याचा कान पिळलेला. आता मला वाटलं, उरलासुरला संबंधही तुटला. पण पलीकडून दादा अगदी हळू आवाजात म्हणाले, "नाही रे, मला कुठे कळतं? तू सांग ना."

आणि तो सांगायला लागला. बैल गेला आणि झोपा केला, तरी झोपा कसा करायचा हे त्याने बारीकसारीक सांगितलं. माझे पोहे गार झाले, मी ते पुन्हा गरम केले, ते पुन्हा गार झाले.

पुढचा हिवाळा कॅलगरीत सप्टेंबरातच आला, तोवर दादांनी तशीच दुसरी बॅटरी घेतली होती आणि पूर्ण तयारी झाली होती. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी रोज बघत होते. हा बनियनमध्ये, पंख्याखाली घाम पुसत, खाऊच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरवरून पिशवीत बांधून आणलेली कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत पीत सांगणार, "दादा, आज रात्री तुमच्याकडे कडाका आहे, आत्ताच्या आत्ता काढ ती. काळी वायर आधी. काळी! लाल नाही!" पलीकडे दादा टोपी, मफलर, हातमोजे घालून, तोंडातून वाफा सोडत ट्रेलरच्या पुढ्यात ओणवे झालेले. आमची लेक टोस्ट खात तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, यू नेव्हर सी स्नो बिफोर, लाह." तिच्याकडे लक्ष द्यायला कोणाला वेळ नव्हता.

बॅटरी तळघरात ठेवायची ठरली. तळघराची जमीन सिमेंटची. दादांना शेजाऱ्याने सांगितलं होतं की बॅटरी सिमेंटवर ठेवली तर उतरते. नवरा म्हणाला, ती फार जुनी समजूत, आताच्या बॅटरीला काही होत नाही. पण दादा म्हणाले, "तरी जमिनीवर कसं बसवायचं तिला?" आणि त्यांनी पाट आणला. जाऊबाईंनी पुण्याहून हौसेने नेलेला, पितळी फुल्यांचा पाट. त्यावर ती भिंतीला टेकून अशी बसली की जणू लग्नाच्या पंगतीत भाताची वाट बघतेय.

दर रविवारी दादा मीटरच्या दोन वायरी तिला लावायचे आणि आकडा वाचायचे. बारा पॉइंट सहा व्होल्ट म्हणजे पोट भरलेलं. बारा पॉइंट चारच्या खाली गेली की चार्जर लावायचा. नवरा आकडा लॅपटॉपवर टाकायचा आणि त्याची रेघ निघायची. आकड्याला लागायचं अर्धं मिनिट. उरलेला सगळा वेळ हा दादांना फैलावर घ्यायचा आणि दादा ऐकून घ्यायचे. मध्येच कधी गुडघ्याचा विषय निघायचा, कधी पोरांचा, एकदा तर सासूबाईंच्या आमटीचाही निघाला.

मग खंडेनवमी आली. हत्यारांची पूजा आमच्याकडे नेमाने होते. लॅपटॉप, सुरी, विळी, लेकीचा कॅल्क्युलेटर आणि नवऱ्याचा मीटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. झेंडू मी लिटिल इंडियातून आणते आणि येताना एमआरटीत पिशवी मांडीवर धरून बसते, कारण वास आवडणारे आणि न आवडणारे दोघंही वळून बघतात. त्या वर्षी खंडेनवमी नेमकी रविवारी आली. नवऱ्याला सुचलं की बॅटरीचीही पूजा करावी, दोन्ही घरांनी मिळून, व्हिडिओवर. कॅलगरीत तेव्हा आदली संध्याकाळ होती, पण देवीला टाइम झोन समजतात असं जाऊबाईंचं म्हणणं पडलं.

पडद्यावर तळघर दिसू लागलं. दादांनी थर्मलवर धोतर नेसलं होतं आणि वर स्वेटर. पूजेसाठी रबरी चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. जाऊबाई हातात स्टीलचं ताट घेऊन उभ्या, त्यात निरांजन, सुपारी, अक्षता. नवरा इथून पूजाही शिकवत होता. "पाणी शिंपडू नको! कुंकू मध्यभागी, टोकांना नको! फूल वाळकं घे!" दादांनी सगळं तसंच केलं. मग जाऊबाईंना हात जोडायचे होते. हातात ताट. खाली सिमेंट, धुळीचं. समोर सपाट माथ्याची, नुकतीच पूजलेली, चौरंगासारखी बॅटरी. त्यांनी ताट तिच्यावर ठेवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बॅटरीच्या माथ्यावर दोन टोकं असतात, आणि त्या दोन टोकांना एकाच धातूने एकाच वेळी शिवायचं नसतं. जाऊबाई शिवल्या नाहीत, ताट शिवलं. फाडकन आवाज झाला, निळा उजेड पडला, निरांजनाने उडी मारली आणि सुपारी कुठे गेली ती अजून सापडलेली नाही. आमच्या पडद्यावर आधी भिंत आली, मग छत. जाऊबाई एका दमात सगळ्या कुलदैवतांना हाका मारत होत्या. नवरा सिंगापुरातून ओरडत होता, "लोखंडाने नको! लाकूड घे, रबर घे!" तेव्हा दादांनी शेजारची रबरी चप्पल उचलली आणि पूजेच्या ताटाला एक सणसणीत हाणली. ताट उडालं. छत तसंच दिसत राहिलं.

"बॅटरी कशी आहे?" नवऱ्याने विचारलं.

"आधी माणसं कशी आहेत ते विचारा, भाऊजी!" जाऊबाईंचा आवाज आला. "आणि अहो, देवाच्या ताटाला चप्पल?"

माणसं ठणठणीत होती. ताटाच्या तळाला दोन भोकं पडली होती. आणि बॅटरी? दादा तिच्यावर ओणवून म्हणाले, "ठीक दिसतेय रे."

दोन-तीन दिवसांनी मी चांगी बिझनेस पार्कमध्ये, माझ्या बँकेजवळच्या फूड कोर्टात जेवायला बसले होते, तेव्हा जाऊबाईंचा फोन आला. त्यांच्याकडे झोपायची वेळ झालेली असणार, म्हणून मी घाबरले. "बॅटरी गेली गं," त्या कुजबुजल्या. "आतला एक कप्पाच मेला म्हणे. ह्यांनी दुकानातून नवीन आणली. लिथियमची. तिला काही म्हणजे काही करावं लागत नाही. एकदा भरायची आणि हिवाळाभर तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही."

"मग बरंच झालं की," मी म्हटलं.

"बरं कसलं? हे भाऊजींना सांगायचं नाही असं ठरलंय."

"का पण?"

तेवढ्यात दादांनी फोन घेतला. "हे बघ," ते म्हणाले. "काही बघावंच लागत नाही म्हटल्यावर तो फोन कशाला करेल? आता दर रविवारी तासभर बोलतो. रागावतो, पण बोलतो. मी शनिवारी दुपारपासून वाट बघत असतो. त्याला कळू देऊ नकोस, एवढं कर."

दादांनी आजवर माझ्याकडे चहाशिवाय काही मागितलेलं नव्हतं. मी हो म्हटलं. समोरचं सूप पुन्हा प्यायला घेतलं तेव्हा लक्षात आलं की मला रडू येतंय, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईने तिखट जास्त झालं असं समजून माझ्यापुढे टिश्यू सरकवले.

खोटं बोल पण रेटून बोल, म्हणतात. दादा रेटून बोलले, पण अकाउंटंटसारखे बोलले. पहिल्या रविवारी बारा पॉइंट सहा सहा. दुसऱ्या रविवारी बारा पॉइंट सहा चार. मग सहा दोन. मग सहा शून्य. हिशेबाच्या वहीत कारखान्यातल्या यंत्राची किंमत दर वर्षी सारख्या रकमेने कमी करत नेतात, तसे ते व्होल्ट कमी करत होते. नवऱ्याने मला बोलावून लॅपटॉप दाखवला. "बघ."

"सरळ रेघ आहे. छान आहे," मी म्हटलं.

"पट्टीने मारल्यासारखी आहे. खऱ्या बॅटरीची अशी रेघ नसते."

मी बाथरूममध्ये जाऊन दादांना मेसेज केला, "आकडे जरा वर-खाली करा." पुढच्या रविवारी त्यांनी एकदम बारा पॉइंट एक सांगितलं. नवरा खुर्चीतून उठला. "बारा पॉइंट एक? काय केलंस काय तिला? चार्जर लाव आधी! आत्ता!" दादा पडद्याबाहेर गेले, खडखड वाजवून परत आले. "लावला. दिवा लागला."

"कुठल्या रंगाचा?"

दादा त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघायला लागले. मी नवऱ्याच्या मागे उभी राहून माझा केशरी दुपट्टा हलवला.

"केशरी," दादा म्हणाले. त्यानंतर आकडे मीच ठरवायला लागले. बँकेत मी दिवसभर दोन बाजूंचे आकडे जुळतात की नाही ते बघते, आणि घरी जाताना बसमध्ये, पटण्याइतपत न जुळणारे आकडे तयार करायची. चुलीतलं लाकूड चुलीतच जळतं, तशी मी या आकडेमोडीत जळत होते, पण खरं सांगायचं तर, मला मजाही येत होती.

मग एक दिवस नवरा म्हणाला, "दाखव बघू बॅटरी. कॅमेरा फिरव."

दादांचं तोंड उतरलं. जुनी काळी होती, नवी निळी. कॅमेरा फिरला. पाटावर काहीतरी होतं खरं, पण त्याच्यावर खालपर्यंत शाल पांघरलेली होती. जरीकाठी शाल. तिथल्या मंडळाचे हिशेब फुकट तपासून दिले म्हणून दादांचा सत्कार झाला होता, तेव्हा नारळासोबत मिळालेली.

"हे काय?"

"थंडी आहे म्हणून पांघरूण घातलंय."

"तळघरात हीटर आहे, दादा!"

"तरी आपलं."

"अरे, तिला वारा लागायला पाहिजे. काढ ती शाल."

"आत्ता नको," दादा म्हणाले. "तिन्हीसांजेची वेळ आहे."

तिन्हीसांजेला शाल काढू नये हे कोणत्या शास्त्रात आहे मला माहीत नाही. आता सगळं उघडं पडणार म्हणून मी डोळे मिटले. पण नवरा फक्त "बरं" म्हणाला. मग त्याने जाऊबाईंच्या पाठदुखीची चौकशी केली, जी त्याने आयुष्यात कधी केली नव्हती.

त्याच दुपारी आम्ही लिटिल इंडियात भाजीला गेलो होतो. डिसेंबरचा पाऊस. आमच्याकडचा हिवाळा म्हणजे हाच, फक्त तो गरम असतो. दुकानांपुढच्या आडोशाला पिशव्या घेऊन आम्ही उभे होतो.

"तेरा पॉइंट तीन," नवरा म्हणाला.

"काय?"

"मागे एकदा तू आंघोळीला गेली होतीस. दादाने आकडा सांगितला, तेरा पॉइंट तीन. मग गडबडीने म्हणाला, नाही नाही, बारा पॉइंट सहा. शिशाची बॅटरी नुसती बसून तेरा पॉइंट तीन दाखवत नाही. लिथियमची दाखवते."

बिचाऱ्या दादांना बहुतेक त्या दिवशी मन खायला लागलं असणार, म्हणून त्यांनी खरंच मीटर लावला असणार.

"म्हणजे तुला तेव्हापासून माहीत आहे?"

"मी दिवसभर बॅटऱ्याच बघतो ना. आणि तो दुपट्टा मला लॅपटॉपच्या काचेत दिसला होता."

"मग दर रविवारी विचारतोस कशाला तिचं?" मी चिडून म्हटलं. चिडायचं कारण असं की माझे इतके कष्टाने तयार केलेले आकडे फुकट गेले होते.

तोही चिडला. नेमका प्रश्न विचारला की तो चिडतोच. "मग काय विचारू? आई होती तेव्हा ती विचारायची. मला नाही सुचत." मग म्हणाला, "मेथी घ्यायची का?" मी दोन जुड्या घेतल्या, खरं तर एकच लागणार होती.

त्यानंतर माझी अवस्था दोन बाजूंनी वाजणाऱ्या मृदंगासारखी झाली. दादा मेसेज करून विचारायचे, "त्याला संशय नाही ना?" मी लिहायची, "छे." नवरा विचारायचा, "मला कळलंय ते दादाला कळलं नाही ना?" मी म्हणायची, "छे." आता नवरा मुद्दाम अवघड प्रश्न काढायचा.

"पाणी घातलंस का तिच्यात?"

"घातलं की," दादा म्हणायचे. लिथियमच्या बॅटरीत पाणी घालायला झाकणसुद्धा नसतं.

"किती?"

"अर्धी वाटी."

"साधं नळाचं नाही ना घातलंस?"

"अहो भाऊजी, साधं कशाला, गंगाजल आहे घरात," जाऊबाई मागून मदतीला धावायच्या. नवरा पेन उचलायच्या निमित्ताने टेबलाखाली जायचा आणि तिथे त्याचे खांदे हलताना मला दिसायचे. आमची लेक एका रविवारी कॉल संपल्यावर म्हणाली, "बोथ ऑल्सो ब्लफिंग, लाह. एव्हरीबडी नोज." मी तिला सांगितलं की कॅलगरीच्या काकांपुढे यातलं एक अक्षर काढलंस तर तुझा आयपॅड हिवाळाभर बाहेर बर्फात ठेवायला पाठवीन.

पण हिवाळा कितीही मोठा असला तरी संपतो, आणि हे आम्ही कोणीच धरलं नव्हतं. एप्रिलमधला रविवार. आमच्याकडे पंखा त्याच वेगाने फिरत होता, पण पलीकडे दादांच्या मागे तळघराच्या खिडकीत बर्फ नव्हता, ओली माती दिसत होती. नवरा नेहमीपेक्षा लवकर येऊन बसला होता.

"बसवली रे बॅटरी ट्रेलरवर," दादा म्हणाले. "लाल आधी, काळी नंतर. आतले दिवे लागले."

"छान केलंस."

"आता छतावरच्या सोलरवर ती आपोआप भरत राहील. उन्हाळाभर बघायला नको."

"हो. नकोच."

"म्हणजे झालं आपलं काम."

"झालं," नवरा म्हणाला.

आणि दोघं गप्प झाले. किती वेळ ते मी मोजलं नाही, पण कुकरची शिट्टी होऊन गेली. दादा कपात बघत होते, नवरा टेबलावरचा डाग नखाने खरवडत होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं की अरे, सगळ्यांना सगळं माहीत आहे, बोला की आता मोकळेपणाने. पण मोकळेपणाने काय बोलायचं हेच तर दोघांना येत नव्हतं. मला खरोखर भीती वाटली. पुढचा बर्फ पडेपर्यंत हा माणूस पुन्हा रविवारी सकाळी फ्रिज उघडत आणि बंद करत फिरणार, आणि दादा शनिवारी कशाचीच वाट बघणार नाहीत. नवऱ्याचा हात कॉल बंद करायला निघाला.

"अरे, एक विचारायचं राहिलं," दादा घाईघाईने म्हणाले. "त्या ट्रेलरच्या टायरात हवा किती भरायची रे?"

दादा कॅनडात इतकी वर्षं गाडी चालवतात, दर हिवाळ्यात स्वतः टायर बदलतात. त्यांना टायरातली हवा कळत नाही यावर कोणाचा विश्वास बसेल? आणि विचारत कोणाला होते, तर ज्याने आयुष्यात सायकलपलीकडे कशात हवा भरलेली नाही अशा माणसाला. नवऱ्याला टायरमधलं ओ की ठो कळत नाही. त्याने टेबलाखालून मला हाताने खूण केली, फोनवर बघ, लवकर बघ.

मग त्याने खुर्ची पुढे ओढली. "हे बघ दादा, हवा अशी अंदाजाने नाही भरायची," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चढायला लागला. "टायर फुटला म्हणजे? आधी टायरच्या बाजूला बारीक अक्षरात काय लिहिलंय, ते बाहेर जाऊन वाच बघू."

"चष्मा वर राहिलाय रे. आणायला वेळ लागेल."

"आण सावकाश," नवरा म्हणाला. "मी आहे."